पाठमोरी खुर्ची

सोमवार, ६ जानेवारी

आज पुन्हा पांढरा कोट घातला. शेवटचं बटण लावताना श्वास आत ओढावा लागला. हे दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, कपाटात बसून बसून कोट आटलेला दिसतोय.

शाळेने नर्स ठेवण्याची ही पहिलीच वेळ. मुख्याध्यापिकांना इथे सगळे मोठ्या बाई म्हणतात. त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं की हा एका वर्षाचा प्रयोग आहे, उपयोग दिसला तर पुढे बघू. मग मला माझी खोली दाखवली. एक खाट, वजनकाटा, भिंतीवर उंचीची पट्टी, डोळे तपासायचा तक्ता, लशींचा छोटा फ्रीज आणि ऐकू येतं की नाही ते तपासायचं एक यंत्र, अजून खोक्यातच.

खोलीत एकटी उभी राहिले आणि एकदम माझ्या कॉन्व्हेंटची आठवण झाली. तिथेही अशीच एक खोली होती, फिनेलचा वास येणारी. आजारी मुलींची सिस्टर तिथे बसायची. तिचे हात कायम गार. टोचायच्या आधी ती खाली वाकून आपल्या डोळ्यांत डोळे घालून हसायची. मुलाने तुझा चेहरा बघायला हवा, सुई नव्हे, असं तिने मला एकदा सांगितलं होतं. तेव्हा मी नर्स होईन असं कोणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. हॉस्पिटलातली सगळी नोकरी मी त्या एका वाक्यावर केली.

दिवसभर दारातून डोकी डोकावत होती. माझ्या हातात सुई आहे का ते बघायला.

गुरुवार, ९ जानेवारी

कान तपासायला सुरुवात केली. यंत्राची गंमत अशी की मी बटण दाबलं की मुलाच्या हेडफोनमध्ये बारीकसा आवाज होतो. ऐकू आला की मुलाने हात वर करायचा. सोबतच्या पुस्तिकेत म्हटलंय की मुलाची खुर्ची पाठमोरी ठेवावी. पहिल्या मुलीला तशी बसवली तर ती सारखी मान वळवून बघायला लागली. मागे माझं काय चाललंय या भीतीने तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मग मी सरळ खुर्ची माझ्याकडे फिरवून घेतली. पुस्तिका लिहिणाऱ्याला मुलंबाळं नसावीत.

समोरासमोर बसल्यावर काम कसं छान झालं. मी त्यांच्याकडे बघून हसते, बटण दाबते, ती हात वर करतात. पाचवीतली एक मुलगी तर विलक्षणच. मोठे मोठे डोळे, ते माझ्या चेहऱ्यावरून हलतच नाहीत. वर्गात तिला सगळे टकमक म्हणतात. अगदी बारीकातला बारीक आवाज असला तरी तिचा हात वर. इतर मुलं मध्येच छताकडे बघतात, नाक खाजवतात, पण हिचं लक्ष माझ्यावर खिळलेलं. एकदाही चुकली नाही. तिच्या कार्डावर मी ‘उत्तम’ लिहिलं आणि खाली एक रेघही मारली.

जाताना तिने माझ्या गालाकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "तित्तर, तुम्ही छान बोलता." सिस्टर म्हणता येत नाही तिला, जीभ जड आहे थोडी. इतकं गोड वाटलं. घरी येऊन ह्यांना सांगितलं की एका मुलीचा माझ्यावर जीव जडलाय.

मंगळवार, १४ जानेवारी

उंची, वजन, दात. एक मुलगा वजनकाट्यावर चढण्याआधी खिशातल्या गोट्या माझ्याकडे देऊन म्हणाला की ह्या माझ्यात धरू नका.

टकमकचं वजन घेताना तिचा डावा दंड दिसला. कोपराच्या वर हिरवटनिळा डाग, त्याच्या शेजारी एक जुना, पिवळा पडलेला. घरच्यांनीच मारलं असेल असं आधी मनात आलं. पण रांगेतली मुलं खुसखुसली आणि कळलं की हा त्यांच्या मॉनिटरचा प्रताप. ती टकमकच्याच बाकावर बसते आणि दिवसभर तिला कोपर मारत असते. मी ह्या मॉनिटरबाईला मनातल्या मनात मुकादम म्हणते. घट्ट वेण्या, कमरेवर हात, सगळ्या वर्गावर हुकूम. टकमकला विचारलं तर तिने मान खाली घालून बाही ओढून घेतली.

पाचवीच्या बाईंना सांगितलं. त्या बिचाऱ्या वह्यांच्या गठ्ठ्याआड होत्या. लगेच म्हणाल्या, दोघींना वेगळं करते. टकमकला शेवटच्या बाकावर खिडकीशी बसवलं आहे. चला, एक चांगलं काम झालं. अशा मुक्या मुलींकडे कोणीतरी बघायला हवंच.

बुधवार, २२ जानेवारी

लस देण्याचा दिवस. धनुर्वात आणि घटसर्पाची. नेमकी मला सर्दी झाली आहे, म्हणून दिवसभर तोंडावर मास्क लावून होते.

नोकरीच्या सुरुवातीला मी घटसर्पाचं एक मूल पाहिलं होतं. घशात पांढरा पडदा धरलेला आणि श्वासासाठी चाललेली ती धडपड. त्याची आई खाटेच्या दांडीला धरून उभी होती. आणि आज? मुलं रांगेत एकमेकांना चिमटे काढत उभी होती, कोण रडलं म्हणून हसत होती. बर्फाच्या डब्यातून एकेक चिमुकली बाटली काढताना माझे हात दर वेळी जरा सावकाश होतात. एवढ्याशा थेंबात ते सगळं मावलं आहे आणि यांना त्याचा पत्ताही नाही. पत्ता नसणं हेच तर मोठं भाग्य.

टकमकने मात्र घोळ घातला. मी विचारलं, कुठल्या हातावर देऊ. ती म्हणाली, पाचवी अ. पुन्हा विचारलं तर वडिलांचं नाव सांगितलं. मुलं पोट धरून हसली. तिने हात पुढे केला, मला वाटलं हातावर घेते आहे लस, तर तिने माझा मास्कच खाली ओढायला घेतला. मी तिचं बोट हळूच बाजूला केलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. सुई टोचली तेव्हा हूं की चूं केलं नाही, रडू आलं ते आधीच. भीतीने मुलं किती गांगरून जातात. एरवी किती हुशार आहे ही.

शुक्रवार, ३१ जानेवारी

आज मन लागत नाही.

मोठ्या बाईंनी बोलावलं होतं. पाचवीच्या बाई टकमकच्या वह्या घेऊन आल्या होत्या. दोन आठवडे झाले, शुद्धलेखनाची पानं जवळजवळ कोरी. हाक मारली तर ढिम्म हलत नाही. प्रश्न एक विचारावा, उत्तर भलतंच. बाईंचा आवाज चढला नाही, उलट थकलेला वाटला. म्हणाल्या, वर्गात एवढी मुलं, मी एकीपाशी किती वेळ थांबू.

मोठ्या बाईंनी माझं कार्ड समोर ठेवलं. नजर उत्तम, कान उत्तम. खाली माझीच रेघ. त्या म्हणाल्या, डोळे-कान ठीक आहेत म्हणजे प्रश्न डोक्याचा आहे. गावाच्या पलीकडच्या टोकाला मतिमंद मुलांची शाळा आहे. वर्ष संपलं की हिला तिकडे पाठवायचं असं त्यांच्या मनात आहे, पुढच्या महिनाअखेरीस आईला बोलावून सांगणार.

मी म्हटलं की मुलगी मंद नाही, तिचे डोळे बघा. मोठ्या बाई शांतपणे म्हणाल्या की डोळे तर तुम्हीच तपासलेत, ते चांगलेच आहेत.

माझंच अक्षर माझ्यापुढे होतं.

रविवार, २ फेब्रुवारी

दुपारी जेवणं झाल्यावर ह्यांनी रमीचा डाव मांडला. माझं लक्ष नव्हतं, पण लक्ष असतं तेव्हाही मी हरतेच. लग्न झाल्यापासून हरते आहे. आज तिसरा डाव गेल्यावर मी वैतागून म्हटलं, तुम्ही पत्ते लावता तरी कसे? हे हसले. म्हणाले, मी माझे पत्ते बघतच नाही फारसा, तुझं तोंड बघतो.

मी म्हटलं, म्हणजे?

"अगं, हवा तो पत्ता आला की तुझी उजवी भुवई वर जाते. नको तो आला की ओठ आत जातात. इतकी वर्षं मी रमी खेळतच नाहीये, तुला वाचतोय."

मी चिडून काहीतरी बोलणार होते. तेवढ्यात हातातले पत्ते मांडीवर पडले. हे घाबरले, पाणी आणायला उठले.

मी बटण दाबते तेव्हा माझी भुवई वर जात असेल.

सोमवार, ३ फेब्रुवारी

पहिल्या तासालाच टकमकला बोलावून घेतलं. ती नेहमीसारखी माझ्याकडे बघत खुर्चीत बसली. हेडफोन घातले. मग मी तिला खांद्याला धरून खुर्चीसकट भिंतीकडे वळवलं. ती वळून बघू लागली तशी मी हातानेच खूण केली, तिकडेच बघ.

बटण दाबलं. हात खालीच. आवाज मोठा केला, मग आणखी मोठा. तिची पाठ ताठ, दोन्ही हात मांडीवर, बोटं एकमेकांत गुंतवलेली. ती वाट बघत होती. अगदी मन लावून वाट बघत होती, आणि तिच्या कानात ज्या आवाजाने माझा नवरा झोपेतून उठून बसला असता तो वाजत होता.

जाडा, ढोलासारखा आवाज लावला तेव्हा कुठे एकदा हात अर्धवट वर आला.

मी तिला परत माझ्याकडे वळवलं. तिने माझा चेहरा पाहिला मात्र, आणि तिला कळलं. मी एक शब्दही बोलले नव्हते. तिने विचारलं, "नापात झाले?" तेव्हा लक्षात आलं की तिला ‘स’ म्हणता येत नाही असं नाही. तो तिच्यापर्यंत कधी पोहोचलाच नाही.

तिला जवळ घेतलं. मग लगेच दूर धरलं, म्हणजे तिला माझं तोंड दिसेल, आणि म्हटलं की नापास मी झाले.

ती गेल्यावर खुर्चीकडे बघत बसले. किती मुलं त्या खुर्चीत बसली असतील. एकीने माझ्या पापण्यांवरून, ओठांच्या कडेवरून, श्वास घेण्यावरून बारीकातला बारीक आवाज ऐकून दाखवला. इतकी वर्षं मुलांचे चेहरे वाचते असा मला गर्व होता. ती मला वाचून गेली आणि मला वाटलं, पोरीचा माझ्यावर जीव आहे.

सगळी पाचवी पुन्हा तपासणार, पाठमोरी. आणि मग उरलेले वर्गही.

बुधवार, ५ फेब्रुवारी

मुकादम स्वतःहून आली. दारात कमरेवर हात ठेवून उभी. मला वाटलं भांडायला आली आहे, आणि खरंच भांडायलाच आली होती.

म्हणाली, टकमकला परत माझ्या बाकावर बसवा. मी म्हटलं, बस आणि नीट सांग. मग सगळं बाहेर आलं. बाई टकमकचं नाव घेत तेव्हा ती उजव्या कोपराने ढोसायची. बाई पाठमोऱ्या होऊन फळ्यावर लिहिता लिहिता बोलल्या की ती तेच शब्द आवाज न काढता ओठांनी म्हणून दाखवायची. शुद्धलेखन घालताना बाई बाकांमधून फिरतात, तेव्हा टकमक तिच्या वहीत बघायची.

"जोरात नाही मारायचे मी. तिचं अंगच नाजूक आहे."

मी विचारलं, हे तुला कधीपासून माहीत? ती माझ्याकडे अशी बघत राहिली जणू मी विचारलं की सूर्य कुठून उगवतो. म्हणाली, "सगळ्या वर्गाला माहीत आहे. तिला मागून हाक मारायची नाही, पुढे जाऊन बोलायचं." पहिलीपासून तसंच चालत आलं आहे. कोणी ठरवलं? कोणीच नाही. मोठ्या माणसांना का नाही सांगितलं? तर म्हणाली, कोणी विचारलंच नाही.

ही गोष्ट मी इथे लिहून ठेवते आहे, पण ती माझ्या अजून नीट पचनी पडलेली नाही. अख्खा वर्ग. गोट्या खेळणारी, चिमटे काढणारी ती कार्टी रोज, वर्षानुवर्षं, एका मैत्रिणीच्या समोर जाऊन बोलत होती. त्यांनी त्याला काही नावही दिलं नव्हतं. आणि मी त्यांची व्यवस्था एका दुपारी मोडून आले, चांगलं काम केलं म्हणत.

पाचवीच्या बाईंना जाऊन सांगितलं. त्यांनी हातातला खडू खाली ठेवला. मग म्हणाल्या, मी फळ्याशी बोलते हो दिवसभर. दुपारी पाहिलं तर दोघी पुन्हा एका बाकावर, तेही पहिल्या.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

टकमकच्या आईबरोबर कानाच्या डॉक्टरांकडे गेले. आई कापडाच्या कारखान्यात मागावर काम करते. अर्ध्या दिवसाची सुटी काढून आली होती, केसांत अजून कापसाचे तंतू.

डॉक्टरांनी सावकाश समजावलं. दोन्ही कानांना जाडे आवाज थोडेफार पोहोचतात, बारीक, उंच पट्टीतले जवळजवळ नाहीतच. कशामुळे ते आता सांगता येणार नाही. कानात घालायच्या यंत्रांचा चांगला उपयोग होईल, पण सवय व्हायला वेळ लागेल.

आई ऐकत होती आणि तिचा चेहरा उतरत चालला होता. बाहेरच्या बाकावर बसल्यावर म्हणाली, घरात कधी जाणवलंच नाही हो. मग तिने जे सांगितलं त्याने मी थक्क झाले. मागांच्या खडखडाटात माणसाचा आवाज ऐकूच येत नाही. त्यामुळे तिथल्या बायका आवाज न काढता, तोंड मोठं हलवून बोलतात. या टोकाच्या मागावरून त्या टोकाच्या मागावर, कोणाच्या सुनेला दिवस गेले इथपर्यंत सगळं. तीच सवय घरी. दमून आल्यावर आवाज काढायचाही कंटाळा येतो, म्हणाली, मग मी पोरीशी तशीच बोलते, लहान होती तेव्हापासून.

पोर दोघींच्या मध्ये बसून बिस्किट खात होती. आईने तिच्याकडे वळून काहीतरी म्हटलं, नुसतं ओठांनी. ती हसली, बिस्किटाचा उरलेला तुकडा माझ्या हातावर ठेवला. मला एक अक्षर कळलं नव्हतं.

सोमवार, १७ फेब्रुवारी

मला वाटलं होतं, अहवाल दिला की संपलं. मोठ्या बाईंनी तो वाचला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, मग तर प्रश्नच मिटला, बहिऱ्या मुलांच्या शाळेत घालू. ती तर आणखी लांब, तिथे राहावंच लागेल.

मी म्हटलं, ती मुलं तिला ओळखत नाहीत, ही ओळखतात. मोठ्या बाई वाईट नाहीत. त्यांना भीती वाटते की उद्या मुलीचं नुकसान झालं तर बोट शाळेकडे दाखवतील. मी रोज जाऊन तेच तेच बोलते आहे. आज त्यांनी मला बघून आधीच डोळे मिटले.

हे म्हणाले, बोलत राहा. तुझ्या तोंडावर सगळं दिसतं, कधीतरी त्याही वाचतील.

बुधवार, २६ फेब्रुवारी

आज निकाल होता. आतमध्ये मोठ्या बाई, पाचवीच्या बाई आणि टकमकची आई. मला बाहेर ठेवलं होतं, तुमचं सगळं ऐकून झालंय म्हणून. टकमक माझ्या खोलीत. माझी खोली आणि ऑफिस यांच्यात अर्धी भिंत आणि वर काच आहे, जाड, बंद. एरवी मी तिथे पडदा ओढून ठेवते. आज तो बाजूला केला.

काचेपलीकडून एक शब्द ऐकू येत नव्हता. मोठ्या बाईंची आमच्याकडे पाठ. पाचवीच्या बाई हातवारे करून काही सांगत होत्या. मी खाटेच्या कडेवर बसून कोटाचं बटण पिळत होते.

टकमक खिडकीच्या कट्ट्याला हनुवटी टेकून उभी होती. बघता बघता ती बोलायला लागली, हळू, सपाट आवाजात, जणू वाचून दाखवते आहे.

"बाई म्हणतायत, मी तिच्याकडे तोंड करून तिकवीन. आई म्हणते, ही इथेच मोठी झाली. आता बाई म्हणतायत, पहिल्या बाकावर बतवलंय, तुद्धलेखन पुन्हा यायला लागलं."

मी तिच्याकडे बघत राहिले. काचेतून, बंद दारातून, जवळजवळ बंद कानांतून तिकडची खोली इकडे येत होती, आणि दोन धडधाकट कान असलेली मी तिच्या तोंडाकडे बघत बसले होते, काय म्हणते त्याची वाट बघत.

मग ती थांबली. मोठ्या बाई बोलत होत्या. त्यांची पाठ काही बोलत नव्हती. टकमकचे हात कट्ट्यावर घट्ट झाले. माझ्या आयुष्यातली इतकी लांब शांतता मला आठवत नाही, आणि मी ऑपरेशन थिएटरच्या दाराशी पुष्कळ शांतता काढल्या आहेत.

तिची आई खुर्चीत मागे रेलली. मोठ्या बाईंच्या खांद्यावरून तिने थेट काचेकडे बघितलं, आमच्या टकमककडे. मोठ्या बाई अजून बोलतच होत्या. आईचे ओठ मोठे, सावकाश हलले, आवाज न काढता, जसे ते मागांच्या ओळींवरून हलत असतील.

टकमकने डोकं काचेला टेकवलं. काचेवर तिच्या श्वासाचं गोल धुकं आलं, गेलं, पुन्हा आलं.

मी तिचा खांदा धरून तिला माझ्याकडे वळवलं आणि म्हटलं, "अगं सांग ना, काय झालं?"

"राहायचंय म्हणे इथेच," ती म्हणाली. मग जरा विचार करून, "मोठ्या बाई अजून बोलतायत. त्या आईला तुमचंच बोलणं तांगत अततील. आई हततेय."

थोड्या वेळाने दार उघडलं. मोठ्या बाई आल्या, चष्मा पुसत, आणि मला समारंभपूर्वक सांगितलं की मुलगी याच वर्गात राहील, यंत्रांची सोय बघू, आणि तुमच्या प्रयत्नांची शाळा नोंद घेते. मी शक्य तितकं गंभीर तोंड केलं. टकमकने माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे, आणि तोंडावर हात ठेवून हसू दाबलं. आम्हा दोघींच्या चेहऱ्यांवर तिने काय वाचलं, देव जाणे. मी विचारलं नाही.